बेटकास्टर लांब फेकायचा तर: रीळ उघडण्याआधी आणि उघडल्यावर

नवा बेटकास्टर (मासेमारीच्या रॉडवरचं एक प्रकारचं रीळ) हातात आला की पहिल्या चार-पाच फेकींतच दोन गोष्टी होतात. एक तर लूर (नकली आमिष) पायापाशीच धपकन पडतो, नाहीतर रिळावर असा गुंता होतो की पुढचा अर्धा तास नखांनी दोरा उचकटण्यात जातो. मग कोणीतरी सांगतं, बेअरिंग बदल, सिरॅमिक टाक. मीही तेच केलं होतं. बेअरिंग चांगली होती, बसलीही नीट, आणि त्याच संध्याकाळी माझ्या हातून आजवरचा सगळ्यात मोठा गुंता झाला. शेवटी ब्लेडने कापून काढला. जो स्पूल (दोरा गुंडाळलेली फिरकी) मला आधीच आवरत नव्हता, त्याला मी आणखी मोकळा करून ठेवलं होतं, एवढीच त्यातली गंमत.

म्हणून इथे क्रम उलटा ठेवलाय. आधी आहे ते रीळ नीट लावायचं, मग साफ करायचं, मग तेल, आणि सुटे भाग सगळ्यात शेवटी. बहुतेकांचं काम तेलापर्यंतच होऊन जातं.

स्पूल का बिथरतो

स्पिनिंग रिळात फेकताना स्पूल जागच्या जागी असतो, दोरा त्याच्या कडेवरून वेटोळी सोडत निघून जातो. बेटकास्टरमध्ये स्पूल स्वतः फिरतो आणि त्याला फिरवतो तो पुढे उडणारा लूर. हा वेग किती असतो याचा अंदाज घ्या. लूर सेकंदाला 25 मीटर वेगाने सुटला आणि स्पूलवर भरलेल्या दोऱ्याचा व्यास 32 मिलिमीटर असला, तर एका फेऱ्यात साधारण 10 सेंटिमीटर दोरा सुटतो. म्हणजे सेकंदाला 250 फेरे, मिनिटाच्या हिशेबात 15,000. आणि हा वेग स्पूलला क्षणार्धात गाठायचा असतो.

पुढे लूरला हवा अडवते, त्याचा वेग उतरतो. स्पूलला मात्र ते कळत नाही, तो आपल्याच तोऱ्यात फिरत राहतो. लूरला लागतो त्याहून जास्त दोरा बाहेर येतो, स्पूलवर फुगतो, फुगलेली वेटोळी एकमेकांखाली शिरतात आणि सगळं जाम. गुंता म्हणजे एवढंच. रीळ लावायचं म्हणजे स्पूल सहज सुटला पाहिजे आणि लूर मंदावला की त्यालाही मंदावता आलं पाहिजे. पहिलं काम तेल, बेअरिंग आणि कमी वजनाने होतं. दुसरं ब्रेकने आणि अंगठ्याने.

जाता जाता एक गोष्ट. या जातीची रिळं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या केंटकीत जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने बनवली. पुढे ॲम्बॅसेडर रिळांमुळे नावाजलेली स्वीडनची आबू कंपनी 1921 मध्ये सुरू झाली ती 'उरफॅब्रिकेन' या नावाने, आणि त्याचा अर्थच घड्याळांचा कारखाना. रीळ उघडून बसताना हे आठवलं की हात आपोआप सावकाश चालतो.

आधी मोजून ठेवा

काहीही हलवण्याआधी मोकळ्या मैदानात जा. लूरचे गळ काढून टाका, किंवा तेवढ्याच वजनाचा सरावाचा रबरी गोळा बांधा. वजन 10 ते 14 ग्रॅम ठेवा. हलका लूर स्पूलला नीट ओढत नाही आणि शिकणाऱ्याला वाटतं की रिळातच खोट आहे. रॉडवर किती ग्रॅमपर्यंत फेकायचं ते छापलेलं असतं. लूर त्या पट्ट्याच्या मधोमध हवा, नाहीतर रॉड वाकतच नाही आणि सगळं काम मनगटावर येतं.

दहा फेकी टाका, पावलांनी मोजा, सगळ्यात लांबच्या दोन आणि सगळ्यात आखूड दोन सोडून द्या, उरलेल्या सहांची सरासरी वहीत लिहा. वारा कुठून होता तेही लिहा. हे कंटाळवाणं आहे, मान्य. पण आकडा नसेल तर नवीन बेअरिंग टाकल्यावर फेक वाढल्यासारखी वाटतेच. खिसा हलका झालेला असतो, मनाला ती वाढायलाच हवी असते.

टेन्शन नॉब

हँडलच्या बाजूला, ताऱ्यासारख्या ड्रॅगच्या (मासा ओढू लागला की दोरा सोडणाऱ्या ब्रेकच्या) चाकाजवळ, एक गोल टोपी असते. हाच टेन्शन नॉब. तो स्पूलचा दांडा टोकाकडून दाबतो. जुनी रीत अशी: लूर रॉडच्या टोकापासून वीतभर खाली लोंबकळत ठेवा, क्लच (स्पूल मोकळा करणारं बटण) दाबा, अंगठा उचला. लूर सावकाश खाली उतरला पाहिजे आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबला पाहिजे. पहिले काही दिवस हीच रीत धरा.

हात बसला की दुसरी रीत. नॉब बराच सैल करा आणि अंगठ्याने स्पूल डावी-उजवीकडे ढकलून पाहा. टक-टक असा बारीक आवाज येईल, बोटाला स्पूल सरकल्याचं कळेल. आता नॉब एकेक दाणा (एकेक टिक) आवळत जा. ज्या दाण्याला ती टक-टक बंद होते, तिथे थांबा. दाबून धरायचं नाही, नुसतं हलणं बंद करायचं.

असं का? नॉबचं घर्षण फेकीच्या सुरुवातीला जेवढं, तेवढंच शेवटी. लूर दमलेला असतो तेव्हाही नॉब त्याला सोडत नाही, आणि शेवटचे काही मीटर तिथेच जातात. ब्रेकचं तसं नाही. स्पूल मंदावला की ब्रेकही ढिला पडतो. म्हणून आवरण्याचं काम होईल तितकं ब्रेकवर टाकावं आणि नॉबला फक्त स्पूल जागेवर धरू द्यावा.

ब्रेक

ब्रेक मुख्यतः दोन प्रकारचे. केंद्रोत्सारी ब्रेकमध्ये स्पूलबरोबर फिरणारे छोटे प्लॅस्टिकचे ठोकळे असतात. वेग आला की ते बाहेर फेकले जातात आणि भोवतीच्या कड्यावर घासतात. चुंबकी ब्रेकमध्ये काही घासत नाही. झाकणातली चुंबकं फिरणाऱ्या ॲल्युमिनियममध्ये भोवरी प्रवाह उठवतात आणि ते प्रवाहच स्पूलला मागे खेचतात.

फरक समजला की लावणं सोपं जातं. केंद्रोत्सारी ब्रेकचा जोर वेगाच्या वर्गाने बदलतो, चुंबकीचा साधारण वेगाच्या प्रमाणात. वेग निम्म्यावर आला की पहिल्याचा जोर चौथाईवर येतो, दुसऱ्याचा निम्म्यावर. म्हणजे केंद्रोत्सारी ब्रेक सुरुवातीच्या उसळीला धरतो आणि लवकर बाजूला होतो. चुंबकी मधल्या टप्प्यातही हात धरून राहतो, म्हणून समोरून वारा असताना तो बरा वाटतो. काही रिळांत दोन्ही असतात. काहींत, उदाहरणार्थ शिमानोच्या डीसी मालिकेत, स्पूलच्या वेगावर इलेक्ट्रॉनिक्स लक्ष ठेवतं. तिथे तुम्ही फक्त डायल निवडायचा.

सुरुवात ब्रेक बराच आवळून करा, डायल दहापर्यंत असेल तर आठवर. सलग दहा फेकी गुंत्याशिवाय गेल्या की एक आकडा उतरा. गुंता झाला की एक वर. ठोकळे हाताने चालू-बंद करायचे असतील तर समोरासमोरची जोडीच चालू किंवा बंद ठेवा. एकाच बाजूचे चालू ठेवले तर स्पूल थरथरतो.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. नॉब आणि ब्रेक एकदम फिरवले तर कशाने काय झालं ते कधीच कळत नाही.

गुंता बघून दोष ओळखा

गुंता सोडवण्याआधी दोन क्षण त्याच्याकडे बघा. तो कुठे झाला हे तोच सांगतो.

लूर सुटता-सुटताच दोरा फुगला असेल तर एक तर तुम्ही हिसका मारलात किंवा ब्रेक कमी आहे. हिसक्याने स्पूलला क्षणभर लूरपेक्षा जास्त वेग मिळतो. रॉड मागे नेऊन थांबू नका आणि चाबकासारखा मारू नका. लूरच्या वजनाने रॉड वाकू द्या, मग तो वाक स्वतःच सरळ होऊ द्या. हँडल वरच्या बाजूला येईल असं मनगट वळवलं की हे सोपं जातं.

लूर अर्ध्यावर असताना गुंता झाला, तर वारा किंवा हवेत गिरक्या घेणारा लूर. चुंबकी ब्रेक एक आकडा वर न्या, फेक खालून ठेवा.

लूर पाण्याला टेकल्यावर गुंता झाला, तर दोष रिळाचा नाही, अंगठ्याचा. लूर थांबला, स्पूल थांबवला नाही. याला कुठलंही बेअरिंग उपाय नाही.

लूर आकाशात गेला तर अंगठा लवकर उचलला. पायाशी आपटला तर उशिरा.

शिकण्याच्या काळात एक युक्ती जरूर करा. तुमच्या चांगल्या फेकीपेक्षा पाच-सात मीटर जास्त दोरा ओढून काढा, स्पूलवर उरलेल्या दोऱ्यावर इन्सुलेशन टेपची एक पट्टी आडवी चिकटवा आणि दोरा परत गुंडाळा. आता गुंता टेपच्या खाली जाऊच शकत नाही.

झालेला गुंता सोडवतानाही घाई नको. क्लच लावा (स्पूल पुन्हा हँडलला जोडा), अंगठा दोऱ्यावर चांगला दाबून धरा, तसंच हँडल दोन-तीन फेरे फिरवा, मग क्लच दाबून दोरा हळू ओढा. दाबामुळे आत अडकलेली वेटोळी सपाट होतात आणि अनेकदा गुंता एका ओढीत निघतो. नाही निघाला तर पुन्हा. सुईने उकरणं हा शेवटचा मार्ग, त्यात दोऱ्याला ओरखडे पडतात.

दोरा

सरावाला नायलॉनचा साधा तंगूस घ्या, 0.30 ते 0.35 मिलिमीटर जाडीचा. तो स्वस्तात बदलता येतो आणि गुंता झाला तर सुटतो. ब्रेड (विणलेला दोरा) बारीक आणि मऊ, तो दाबाखाली खालच्या थरात रुततो आणि पुढच्या फेकीत अचानक अडकतो. लूर तुटून एकटाच उडून जातो तो अशा वेळी. ब्रेड भरायचाच असेल तर खाली थोडा नायलॉन गुंडाळा, नाहीतर गुळगुळीत स्पूलवर अख्खा ब्रेड घसरून गोल फिरतो.

किती भरायचा? स्पूलच्या कडेखाली 2 ते 3 मिलिमीटर जागा ठेवा. काठोकाठ भरला की फुगणारा दोरा बाहेर सांडतो. हलके लूर फेकायचे असतील तर अर्धाच भरा. दोऱ्यालाही वजन असतं आणि ते स्पूलच्या बाहेरच्या कडेला असतं, म्हणजे स्पूलला सुरू होताना ते सगळ्यात जड वाटतं. नुसता दोरा कमी केल्याने 7 ग्रॅमचा लूर माणसात आलेला मी पाहिलाय.

साफसफाई आणि तेल

आता रीळ उघडायचं. लागणारी सामग्री: बसणाऱ्या मापाचे स्क्रूड्रायव्हर, बारीक चिमटा, कापसाच्या काड्या, झाकणाची काचेची छोटी बाटली, बेअरिंग धुवायला आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा ॲसिटोन, आणि रिळासाठीचं पातळ तेल. ॲसिटोन वापरणार असाल तर खिडकी उघडी, जवळपास आग नाही, आणि प्लॅस्टिक किंवा रंगवलेल्या भागाला ते लावायचं नाही. खाली पांढरा टॉवेल पसरा. स्टीलच्या टेबलावर पडलेला वॉशर उडी मारतो, टॉवेलवर पडलेला तिथेच राहतो.

रीळ रॉडवरून काढा. हँडलच्या विरुद्ध बाजूचं झाकण उघडा, बहुतेक आधुनिक रिळांत ते एका चापाने किंवा एका स्क्रूने सुटतं. स्पूल अलगद बाहेर काढा. प्रत्येक भाग निघाला की फोटो काढा आणि निघाल्या क्रमाने टॉवेलवर डावीकडून उजवीकडे मांडा. टेन्शन नॉबच्या आत एक-दोन पातळ चकत्या असतात, त्या तेलामुळे आत चिकटून राहतात आणि नंतर नेमक्या हरवतात.

स्पूलला आधार देणारी बेअरिंग सहसा दोन. एक झाकणात असतं, तारेच्या बारीक क्लिपने धरलेलं. ती क्लिप काढताना रीळ आणि दोन्ही हात एका पारदर्शक पिशवीत घाला. हे वाचून हसू येईल. माझी पहिली क्लिप मला तीन आठवड्यांनी बुटात सापडली. दुसरं बेअरिंग हँडलच्या बाजूला, काही रिळांत नॉबच्या टोपीखाली, काहींत स्पूलच्या दांड्यावरच. दांड्यावर असेल आणि आडव्या पिनेने अडवलेलं असेल तर ती पिन काढायला वेगळी पक्कड लागते. ती नसेल तर हातोडी उचलू नका. दांडा केसभर जरी वाकला तरी स्पूल कायमचा गेला. त्या बेअरिंगला जागेवरच काडीने पुसा आणि एक थेंब द्या.

सुटलेली बेअरिंग बाटलीत टाका, बुडतील इतकं द्रावण ओता, झाकण लावा आणि मिनिटभर हलवा. द्रावण गढूळ होईल. ते बदला, पुन्हा हलवा. स्वच्छ राहीपर्यंत. मग कागदावर काढून पूर्ण वाळू द्या. कॉम्प्रेसरची हवा मारून बेअरिंग गरगर फिरवायचा मोह होतो, तो आवरा. कोरडं बेअरिंग त्या वेगाने फिरलं की छर्रे आणि त्यांची वाट दोन्ही खरचटतात. आणि डाइवाच्या ज्या रिळांत मॅगसील्ड बेअरिंग आहेत ती धुवूच नका, त्यांत चुंबकी तेल असतं, ते गेलं की गेलं.

वाळलेलं बेअरिंग पेन्सिलच्या टोकावर बसवा आणि बोटाने टिचकी मारा. गुळगुळीत फिरून हळूहळू थांबलं तर उत्तम. करकर जाणवली किंवा फिरता-फिरता अडखळलं तर पुन्हा धुवा. तरीही तसंच राहिलं तर मात्र ते बदलायचं.

आता तेल. एक थेंब. एका बेअरिंगला एकच छोटा थेंब, सुईच्या टोकावरून. जास्त तेल म्हणजे जास्त ओढ. त्याहून वाईट म्हणजे ते उडून ब्रेकच्या कड्यावर जातं आणि केंद्रोत्सारी ब्रेकची पकड प्रत्येक फेकीला वेगळी लागते. स्पूलच्या बेअरिंगला ग्रीस नको. कंपनीतून आलेल्या रिळात कधी कधी तेल सढळ हाताने भरलेलं असतं, म्हणूनच नवं रीळही एकदा धुतलं की फरक पडतो.

ब्रेकचं कडं कोरड्या काडीने पुसा, काळी भुकटी निघेल. दोरा डावी-उजवीकडे नेणाऱ्या लेव्हल-वाइंडच्या नागमोडी खाचेत अडकलेली वाळू दात घासायच्या जुन्या ब्रशने काढा आणि एक थेंब तेल द्या. काही रिळांत फेकतानाही ही यंत्रणा फिरते, ती खरखरीत असेल तर अंतर खाते. दोरा जिथून बाहेर पडतो त्या कड्यावरून कापसाची काडी फिरवा. कापूस अडकला तर चीर आहे, बदला.

गिअरला ग्रीस, तेही पातळ थराने. उलट फिरणं रोखणाऱ्या बेअरिंगला आणि ड्रॅगच्या चकत्यांना हात लावू नका. फेकीशी त्यांचा संबंध नाही, आणि पहिल्यात जाड ग्रीस गेलं तर हँडल मागे घसरू लागतं.

बेअरिंग बदलायचंच असेल तर

पुन्हा मैदानात जा, पुन्हा दहा फेकी मोजा. वहीतला आकडा वाढला असेल आणि गुंते कमी असतील, तरच पुढे वाचा.

बेअरिंगचं माप तीन आकड्यांत असतं: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. 3×10×4 मिलिमीटर हे स्पूलचं फार आढळणारं माप, 5×11×4 हेही. विकणारे यांनाच 1034 आणि 1150 म्हणतात. कॅलिपरने स्वतः मोजा, दोन्ही बाजूंची मापं बहुतेक वेळा वेगळी असतात. जाडी बारकाईने बघा. जाड बेअरिंग बसलं तर झाकण नीट लागत नाही.

डबीवर 'एबेक 7' किंवा '9' लिहिलेलं असतं. तो आकडा बेअरिंग किती काटेकोर मापाने बनवलंय ते सांगतो, किती लांब फेकेल ते नाही. सिरॅमिक म्हणून विकली जाणारी बेअरिंग बहुतेक हायब्रीड असतात, छर्रे सिलिकॉन नायट्राइडचे आणि कडी स्टीलची. छर्रे हलके आणि कठीण असल्यामुळे अगदी कमी तेलावरही ती चालतात, पण वाजतात. फेकताना शिट्टीसारखा आवाज येईल, घाबरू नका. कडी स्टीलचीच असल्यामुळे खाऱ्या पाण्यात ती गंजतात, तिथे तेल वरचेवर द्यावं लागतं. माझं मत विचाराल तर नवख्याने चांगलं स्टेनलेस स्टीलचं उघडं बेअरिंग घ्यावं. फरक थोडा, कटकट कमी.

बसवल्यावर पहिल्या फेकीआधी ब्रेक दोन आकडे वर न्या. मी हे केलं नव्हतं, ते वर लिहिलंच आहे.

हलका किंवा उथळ स्पूल हा खरा मोठा बदल, पण तो 5-7 ग्रॅमच्या लूरसाठी. 15 ग्रॅम फेकणाऱ्याला त्यात फारसं मिळत नाही. स्पूल त्याच मॉडेलसाठी बनलेला हवा, कारण ब्रेकचे भागही त्याच्याबरोबर बदलतात. लांब हँडल, हँडलच्या मुठीतली बेअरिंग, 7:1 किंवा 8:1 गिअर (हँडलच्या एका फेऱ्याला स्पूलचे सात-आठ फेरे) यांनी गुंडाळणं सुधारतं. क्लच दाबला की हँडल आणि गिअर स्पूलपासून सुटे होतात, त्यामुळे फेकीला त्यांचा उपयोग शून्य.

खाऱ्या पाण्यावरून आलात तर ड्रॅग आवळून रीळ गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवा. जोराची धार नको, ती मीठ आत ढकलते. पुसून सुकवा आणि ठेवताना ड्रॅग व नॉब ढिले करा. पुढच्या वेळी नॉबची टक-टक पुन्हा पाहावी लागेल, त्याला दहा सेकंद लागतात.

राहिली ती टेपची पट्टी. सलग दोन दिवस, वाऱ्यातही, तिच्यापर्यंत एकही गुंता पोचला नाही की काढून टाका. तोवर असू द्या, तिचं ओझं नाही.